चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ते माडबनचा सडा: जानेवारीतली एक भटकंती

रूट असा होता: पुणे, सातारा, चाळकेवाडी, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, राजापूर, माडबन आणि येताना अणुस्कुरा घाट. कोकणात जायचं असेल तर याहून सरळ रस्ते आहेत, पण आम्हाला वीज कुठे कशी तयार होते आणि ती जिथे होते तिथल्या माणसांचं काय होतं हे एका दमात बघायचं होतं. गाडीत मी, नवरा आणि माझा मामा. मामाची अख्खी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात गेली, त्यामुळे माडबनला होऊ घातलेल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या विरोधात कोणी बोललं की तो शांतपणे पण ठामपणे वाद घालतो. मला जैतापूर नको वाटतं, अगदी मनापासून नको वाटतं, तेव्हा गाडीत विषयाला तोटा नव्हता.

शुक्रवार

साताऱ्यात मिसळ खाऊन सज्जनगडाच्या पायथ्याने वर चढलो. ठोसेघरचा धबधबा जानेवारीत अगदी बारीक असतो, तिथे न थांबता सरळ चाळकेवाडीच्या पठारावर. पावसाळ्यात इथे गाडीचं दार उघडता येत नाही एवढा वारा असतो. आता पठारभर पवनचक्क्या उभ्या आणि त्यातल्या बहुतेक बंद, दोन-चार हळूहळू फिरत होत्या त्याही थांबून थांबून.

मामा म्हणाला, "बघ. हे बघायला आणलं ना मला? जानेवारीत वारा नाही, मग राज्याने काय जानेवारीत अंधारात बसायचं?"

मुद्दा खरा आहे आणि तो टाळून बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडची पवनऊर्जा मुख्यतः मे ते सप्टेंबरची, नैऋत्य मोसमी वाऱ्यांची, हिवाळ्यात ती एकदम पडते. एका चक्कीच्या अगदी बुडाशी जाऊन उभी राहिले. खांबाला खाली छोटं लोखंडी दार, त्याला कुलूप, वरनं तेलाचा काळा ओघळ खांबावरनं निम्म्यापर्यंत आलेला, बाजूला ट्रान्सफॉर्मरची जाळी आणि जाळीला टेकून एक मेंढपाळ बसलेला, मेंढ्या चक्क्यांच्या मधनं निवांत चरत होत्या. त्याला विचारलं त्रास होतो का यांचा, तर म्हणाला "पावसाळ्यात आवाज लय असतो, बाकी चरायला कोण अडवत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "जमिनी मात्र कवडीमोल गेल्या तवा."

ते पण खरंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दहाएक वर्षांत साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्यांसाठी भराभर जमिनी घेतल्या गेल्या, मधल्या दलालांनी आधी स्वस्तात घेऊन पुढे महाग विकल्याच्या कहाण्या इथे गावोगावी ऐकायला मिळतात. चक्की लावणाऱ्याला तेव्हा आयकरात घसाऱ्याची मोठी सवलत मिळायची, म्हणून बऱ्याच जणांना चक्की लावण्यात रस होता, चालवण्यात तेवढा नव्हता. तेव्हाच्या अनेक चक्क्या ३५० किलोवॅटच्या, आता एकेक चक्की ३ मेगावॅटच्या वर येते. म्हणजे आठ-नऊ जुन्या काढून त्याच वाऱ्यात एक नवी बसवता येईल, पठार मोकळं होईल आणि वीज वाढेल. याला रिपॉवरिंग म्हणतात, केंद्राचं त्यावर २०१६ पासून धोरण आहे, तरी ते काम फारच सावकाश चाललंय आणि मला ते बघून खरंच वाईट वाटलं कारण वाऱ्याची सगळ्यात चांगली जागा आपण सगळ्यात जुन्या यंत्रांना देऊन बसलोय.

पण एक गोष्ट तिथे उभं राहून नीट जाणवली. ही चक्की बंद पडली, जळाली, पार कोसळली तरी उद्या तो मेंढपाळ इथेच मेंढ्या चारेल. हे मी मामाला बोलले, त्याने मान हलवली पण काही बोलला नाही. मुक्काम पाटणला.

शनिवार

सकाळी मान्याचीवाडी. पाटण तालुक्यातलंच हे छोटं गाव, शंभरेक घरं, ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. ढेबेवाडी खोऱ्याच्या बाजूला आहे, रस्ता चांगला आहे. गाव इतकं स्वच्छ की चप्पल काढून चालावंसं वाटतं. घराघरावर पॅनल, रस्त्यावरचे दिवे सोलरवर.

एका घरात चहा झाला. तिथल्या काकू म्हणाल्या, "आधी बिल आलं की यांचं तोंड बघायचं, आता बिल येतंय पण त्यात भरायचं काय नसतंय." मी विचारलं रात्री काय करता, तर त्यांनी मीटर दाखवला. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या लाइनीत जाते, रात्री लाइनीतनं परत येते, महिन्याला हिशोब होतो. नेट मीटरिंग.

मामाने लगेच पकडलं. "म्हणजे रात्री ही वीज कुठनं येते? कोयनेतनं नाहीतर चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातनं. गाव सौर आहे ते दिवसा." बाहेर पडल्यावर म्हणाला, "वाईट बोलत नाही गं मी, छानच केलंय लोकांनी. पण शंभर घरं वेगळी आणि भिवंडीचे लूम, चाकणच्या कंपन्या वेगळ्या. त्यांना रात्री तीन वाजता पण वीज लागते."

कोयनानगरला पोचेपर्यंत हाच विषय. धरणाच्या समोर उद्यानात बसलो, पाणी बऱ्यापैकी भरलेलं होतं. आणि मला वाटतं मामाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर समोरच होतं. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅटची, पण ती दिवसभर चालवायला पाणी नाहीच, कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीये. म्हणून कोयनेची टर्बाइनं मागणी चढते तेव्हा चालवतात, बटण दाबल्यावर काही मिनिटांत सुरू होतात. दिवसा सूर्य भरपूर असेल तर पाणी राखून ठेवायचं आणि संध्याकाळी सातला सोडायचं, एवढं साधं आहे हे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घाटघरसारखे प्रकल्प. घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र २००८ पासून आहे, जास्तीची वीज असेल तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीचा कडा सरळ काही शे मीटर खाली उतरतो, अशी जागा किती राज्यांना आहे? यात पण जंगल जातं, जमीन जाते, ते विचारूनच करायला हवं. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षं झाली तरी अजून पुनर्वसनासाठी आंदोलनं करतात, त्यामुळे पाण्याची वीज पुण्यवान असते असं कोणी कोयनानगरात बसून म्हणू नये.

आणि कोयनानगर म्हणलं की भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास, दीडशेच्या वर माणसं गेली. दक्षिणेचं पठार भक्कम, इथे मोठा भूकंप होत नाही असं तोपर्यंत मानत होते. आमच्या लॉजच्या मालकांच्या आई तेव्हा लहान होत्या, त्या म्हणाल्या "आवाज आधी आला, मग हलायला लागलं." धरणाला तडे गेले पण धरण टिकलं आणि नंतर ते मजबूत केलं. धक्के अजूनही बसतात, इथल्या लोकांना त्याचं विशेष वाटत नाही. इथनं माडबन सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. २०११ मध्ये रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की जैतापूर परिसरात सहाच्या वरचा भूकंप होऊ शकतो हे नाकारता येत नाही. सरकारी बाजू सांगते की अणुभट्टीचं डिझाइन भूकंप धरूनच करतात. दोन्ही खरं असू शकतं. पण १९६७ च्या आदल्या रात्री विचारलं असतं तर कोयनेबद्दल पण सगळे निर्धास्तच होते.

रविवार

कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण. दिवस सगळा गाडीत गेला, महामार्गाचं काम जिथे झालंय तिथे रस्ता सुंदर आणि जिथे नाही तिथे कंबर मोडते.

चिपळूणला जेवताना नवऱ्याने एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा विषय काढला कारण तिकडे जाणारा गुहागरचा फाटा तिथनंच जातो. दाभोळचा पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा १९९९ ला सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला, कारण ती वीज राज्याला परवडेना. स्फोट नाही, अपघात नाही, नुसता दर. मला वाटतं जैतापूरबद्दल बोलताना आपण फक्त जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताचं बोलतो आणि दाभोळचं विसरतो.

जैतापूरला ज्या भट्ट्या येणार आहेत त्या फ्रेंच ईपीआर जातीच्या, मूळ आराखड्याप्रमाणे प्रत्येकी १६५० मेगावॅट, अशा सहा, एकूण ९९०० मेगावॅट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी आले होते तेव्हा तिथल्या अरेवा कंपनीशी करार झाला. पुढे अरेवाच आर्थिक संकटात सापडली आणि काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेलं. त्याच जातीची फिनलंडमधली ओल्किलुओटोची भट्टी २००५ ला बांधायला घेतली, २००९ ला सुरू होणार होती, नियमित वीज द्यायला एप्रिल २०२३ उजाडला. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलची २००७ ला बांधायला घेतली ती ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च ३.३ अब्ज युरोचा १३ अब्जांच्या वर गेला. चीनमध्ये ताईशानला दोन भट्ट्या २०१८-१९ पासून चालू आहेत, हे मामाने आवर्जून सांगितलं आणि ते बरोबर आहे. पण तिथेही ठरल्यापेक्षा उशीरच झाला.

आता हे बघा. डिसेंबर २०१० मध्ये जैतापूरचा करार झाला तेव्हा देशातली सौर विजेची क्षमता नावापुरती होती. जानेवारी २०२५ मध्ये ती १०० गिगावॅटच्या वर गेली. तेवढ्या काळात जैतापूरमधनं एक युनिट आलेलं नाही. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे, रेडिएशनच्याही आधी. हवामान आत्ता बिघडतंय, कोळसा आत्ता कमी करायचाय, आणि आपण पंधरा वर्षं एका वचनाकडे बघत बसलोय.

राजापूरला रात्री पोचलो.

सोमवार

सकाळी मिठगवाणे मार्गे माडबन. आंब्याला मोहोर आलेला, काजूही फुललेले, गाडीच्या काचा खाली केल्या की गोडसर वास. आणि मग एकदम झाडी संपते आणि सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, सुरू होतो.

ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांना जानेवारीत तो पडीकच वाटेल. काळा-तांबडा जांभा, वाळकं पिवळं गवत, मध्येच करवंदीच्या जाळ्या. पण पाऊस पडला की यावर गवत कमरेपर्यंत येतं, खड्ड्याखड्ड्यांत फुलं येतात, गुरं चार महिने इथेच असतात, जिथे वीतभर माती आहे तिथे भात-नाचणी करतात. सरकारी कागदात हे सगळं एका शब्दात बसतं, पड. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरीलवाडा अशा पाच गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन घेतली. प्रकल्पाची भिंत सड्यावरनं लांबच लांब जाते, बाजूला गवत तसंच आणि पलीकडे पण गवत तसंच. कड्याशी उभं राहिलं की खाली समुद्र.

मामा बराच वेळ बघत उभा होता. मग म्हणाला, "जागा चांगली निवडलीये. सड्याची उंची आहे, फुकुशिमासारखी लाट इथवर येणार नाही."

मी म्हणलं, "मामा, पण पंप? पाणी खेचायचे पंप समुद्राच्या पातळीलाच लागतील ना?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला त्याच्याकडूनच ऐकायचं होतं. अणुभट्टी बंद केली म्हणजे ती विझत नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी आतलं इंधन स्वतःहून तापत राहतं, बंद केल्या केल्या मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, मग हळूहळू कमी. म्हणून आठवडेच्या आठवडे पाणी फिरवत राहावंच लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपानंतर भट्ट्या बरोबर बंद झाल्या होत्या, साधारण पाऊण तासाने १४-१५ मीटरची लाट आली, संरक्षक भिंत साडेपाच-सहा मीटरची, तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, पाणी फिरायचं थांबलं. बस्स. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, दीड लाखाच्या वर लोकांना घरं सोडावी लागली. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवायचे," मामा म्हणाला, "पॉवर गेली तरी कूलिंग जाता कामा नये. चालवणारा माणूस ते विसरत नाही. पण जे घडेल ते आधी सुचलेलंच असेल असं नसतं."

फुकुशिमात आज पण साधारण ८८० टन वितळलेला मलबा आत पडलेला आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातला पहिला तुकडा बाहेर काढला तो एक ग्रॅमही भरला नाही. जपान सरकारने २०१६ मध्ये एकूण खर्चाचा अंदाज केला तो साडेएकवीस लाख कोटी येन. आपल्याकडे २०१० च्या कायद्यात अणुअपघात झाला तर भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी ठरवली होती १५०० कोटी रुपये. हे आकडे शेजारी ठेवले की माडबनच्या माणसाला झोप का लागत नाही ते कळतं.

गावात एका अंगणात बसलो, कोकम सरबत झालं. आजोबा सत्तरीचे. जमीन गेली, पैसे घेतले का विचारायचं नव्हतंच पण त्यांनीच सांगितलं, "आधी नाय घेतले, मग पोरांनी घेतले. काय करणार, कागदावर जमीन गेलेलीच होती." जास्त बोलले नाहीत. मुलगा मुंबईला, नातू मुंबईला, कलमांची राखण ते स्वतः करतात. मामाने त्यांना तारापूरचं सांगितलं, की ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण गावं उठली तेव्हा तो तिथेच होता आणि त्या लोकांची घरं नंतर कशी होती तेही त्याने पाहिलंय. "प्लांट चांगला चालला हो," तो म्हणाला, "माणसांचं नीट केलं नाही." आजोबा नुसते हं म्हणाले.

दुपारनंतर खाडीपलीकडे साखरीनाटे. इथलं बंदर भरलेलं होतं, ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या गाड्या, कोळंबीचे ढीग निवडणाऱ्या बायका. या गावाची जमीन प्रकल्पात गेलेली नाही, यांचा समुद्र जाणार आहे. प्रकल्प पूर्ण झाला तर दिवसाला पाच हजार कोटी लिटरच्या वर पाणी समुद्रातनं घेऊन गरम करून परत सोडायचं, २०१० च्या पर्यावरण मंजुरीत तापमानवाढीला पाच अंशांची मर्यादा घातली होती. पाच अंश ऐकायला काही नाही. जाळं विणत बसलेल्या एका चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, पाणी जरा बदललं तरी तारली लांब जाते, आमी रोज बगतो. पाच डिग्री म्हंजे मासळी थारणारच नाय. आनि सेक्युरिटीवाले बोट जवळ आणायला देणार?" हा दुसरा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. समुद्राची बाजू पण बिनभरवशाची असते, ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलिनच्या चार भट्ट्या जेलीफिशचे थवे पाण्याच्या गाळण्यांत अडकल्याने बंद झाल्या. हे सांगितल्यावर चाचा म्हणाले जेलीफिश इथे पण येते, जाळी भरून.

एप्रिल २०११ मध्ये याच गावातला एक तरुण पोलिसांच्या गोळीबारात गेला. फुकुशिमाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. लोक त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, मीही खोदलं नाही.

मंगळवार

परतीच्या आधी कशेळीचं कातळशिल्प बघितलं. सड्याच्या जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात माशांपासून पक्ष्यांपर्यंत किती तरी आकृत्या. उभं राहून अख्खा दिसतच नाही, ड्रोननेच बघावा लागतो. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ज्या सड्याला पड म्हणतात तोच हा सडा, आणि रिफायनरीसाठी २०२३ मध्ये ज्या बारसूत माती परीक्षणावरनं एवढं आंदोलन झालं तिथेही अशीच शिल्पं आहेत. एकाच तालुक्यावर आधी अणुऊर्जा मग रिफायनरी, सडा रिकामा दिसतो म्हणून सगळं इथेच आणायचं ही सवय मोडायला हवी. सोलर पार्कवाल्यांनाही हे लागू आहे, उद्या याच सड्यावर हजार एकर पॅनल टाकायला कोणी आलं तर मी त्यालाही नकोच म्हणेन.

अणुस्कुरा घाट चढून मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा मामाने बिलाच्या मागे हिशोब मांडला. ९९०० मेगावॅट अणुवीज ८५ टक्के क्षमतेने चालली तर तेवढ्या युनिटसाठी साधारण ४२ हजार मेगावॅट सोलर लागेल कारण सूर्य सरासरी पाचवा भागच मिळतो, आणि जमिनीवर मांडलं तर मेगावॅटला चार-पाच एकर धरून दोन लाख एकर. जैतापूरची जमीन तेवीसशे एकर. "आता बोल," म्हणाला.

आकडे बरोबर आहेत, मी नाकारत नाही. पण ते दोन लाख एकर एका तालुक्यात लागत नाहीत. निम्मं तरी घरांच्या, कारखान्यांच्या, गोदामांच्या, स्टेशनांच्या छपरांवर आणि कालव्यांवर जाऊ शकतं, बाकी शेतीच्या फीडरजवळ दोन-चार मेगावॅटचे तुकडे, जे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत होतायत आणि ज्याने शेतकऱ्याला रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही. वारा पावसाळ्यात असतो आणि सूर्य तेव्हाच कमी असतो, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. संध्याकाळला कोयना, घाटघर आणि बॅटऱ्या. आणि यातला कुठलाही एक तुकडा चुकला तर तेवढाच चुकतो. जैतापूर चुकलं तर प्लुटोनियमचा अर्धायुष्यकाळ २४ हजार वर्षं आहे, त्या चुकीला दुरुस्तीच नाही.

मामाचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की चालू असलेल्या भट्ट्या बंद करू नका, जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन बंद केल्या ते त्याला अजून पटत नाही, कोळसा चालू असताना आधी अणू का बंद केला म्हणतो. यात मी त्याच्या बाजूची आहे. तारापूर, काकरापार, कैगा नीट चालतायत तोवर चालवा, तपासण्या लोकांसमोर मांडा. नवीन माडबन मात्र नको.

कोल्हापूरनंतर हायवेला लागलो आणि मामा झोपला. आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलरचा विषय दोन वर्षं अडकलाय, टाकीची सावली, खर्च कोणी करायचा वगैरे. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, ते कागद मी काढलेत, पुढच्या रविवारी मीटिंग आहे आणि मामाला मीटरचा हिशोब समजावून सांगायला बोलावलंय. यायला तयार आहे.